वशिल्याचं विमान

"एवढं मोठं आकाश मोकळं पडलंय, आणि माझ्या मामाला उतरायला जागा नाही म्हणजे काय?"

चार्वीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. करंजदरी विमानतळाच्या उंच मनोऱ्यातून तिला चारी बाजूंचं आकाश दिसत होतं, आणि त्यात ढगाचा एक तुकडासुद्धा नव्हता. आज रंगामामाचं लग्न. चार्वी करवली, म्हणजे नवरदेवाच्या मागे कलश घेऊन मिरवायचा मान तिचा. परकर-पोलकं, गजरा, कलश, सगळं कसं जय्यत तयार होतं. नव्हता तो फक्त नवरदेव! वेधशाळेच्या कामासाठी कुठल्याशा बेटावर गेला काय, धुक्यात अडकला काय, आणि आता 'टिटवी तीन' नावाच्या चिमुकल्या विमानातून येत होता. मंडप विमानतळाच्या फाटकाला लागूनच होता, पण मुहूर्त सव्वाबाराचा, आणि घड्याळात बारा वाजत आले होते.

मनोऱ्याची प्रमुख होती सुनेत्रामावशी, रंगामामाची सख्खी थोरली बहीण. ऐन लग्नसराईत तिला सुटी कोण देणार? म्हणून बाईसाहेब पैठणी नेसून, नाकात नथ घालून विमानं उतरवत होत्या. मदतीला घारू नावाचा यंत्रमानव होता. घारूला विमानांतलं सगळं कळायचं, माणसांतलं काही म्हणजे काही कळायचं नाही.

तेवढ्यात मंडपातून आजीचा फोन आला. "सुने, अगं आपल्याच रंगाचं विमान आहे ना? मग घे की पुढे! एवढी प्रमुख झालीस, आणि एवढासुद्धा वशिला नाही तुझा?"

"आई, इथं वशिला चालत नाही," म्हणत मावशीनं फोन ठेवून दिला.

घारूचे हिरवे डोळे लुकलुकले. "वशिला नावाचं विमान माझ्या माहितीत नाही. मोठं आहे की छोटं?"

"अरे बाबा, ते विमान नाही!"

"मग ते उतरतं कुठे?"

मावशीनं कपाळाला हात लावला.

समोरच्या पडद्यावर सहा ठिपके सरकत होते. ऐरावत एक, टिटवी एक, ऐरावत दोन, टिटवी दोन, ऐरावत तीन आणि सगळ्यांत शेवटी मामाची टिटवी तीन. ऐरावत म्हणजे अवाढव्य विमान, टिटवी म्हणजे नऊ माणसांचं. आकाश मोठं असलं तरी धावपट्टी एकच, म्हणून उतरताना सगळ्यांना एकाच अवतरण मार्गावर (धावपट्टीकडे येणाऱ्या सरळ वाटेवर) रांग लावावी लागत होती.

"पण ऐरावताच्या मागे बघ ना केवढी जागा आहे!" चार्वी पडद्यावर बोट आपटत म्हणाली. "तिथं घुसव की मामाला."

"ती जागा रिकामी नाही," घारू म्हणाला. "तिथं भोवरे आहेत."

"कुठायत? मला तर नाही दिसत."

घारूनं शांतपणे मावशीचा चहाचा कप उचलला, चमचा त्यात अर्धा उभा बुडवला आणि सरळ रेषेत ओढला. चमच्याच्या दोन्ही कडांच्या मागे दोन इवलेसे भोवरे गरगरत निघाले. चहावरच्या सायीचा एक कण त्यात सापडला, आणि बिचारा गोल गोल फिरायला लागला.

"माझा चहा!" मावशी ओरडली.

"विमान उडतं तेव्हा पंखांच्या खाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी," घारूचं प्रवचन चालूच राहिलं. "मग पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर पळते आणि तिचा भोवरा होतो. याला टोकभोवरा (पंखाच्या टोकाशी तयार होणारा हवेचा भोवरा) म्हणतात. विमान जेवढं जड, तेवढा भोवरा दांडगा. तो विरेपर्यंत मागच्यानं लांबच राहायचं. म्हणून आपल्याकडे मोठ्याच्या मागे छोटं असेल तर चार मिनिटांचं अंतर. बाकी कुणाच्याही मागे कुणीही, दोन मिनिटं."

"आणि छोटं विमान भोवऱ्यात सापडलं तर?"

घारूनं सायीच्या कणाकडे बोट दाखवलं. चार्वीनं पडद्यावरचं बोट झटकन मागे घेतलं.

ऐरावत एक बाराच्या ठोक्याला टेकलं. चार्वीनं बोटांवर हिशेब केला. चार, मग दोन, मग चार, मग दोन, मग चार. मामा उतरणार बारा सोळाला. म्हणजे मुहूर्त टळणार, तोही एका मिनिटानं!

"मावशी, एकच मिनिट गं. जरासं जवळ घे ना त्याला."

मावशीचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "मुहूर्त दुसरा काढता येईल, चार्वी. भाऊ दुसरा कुठून आणू? तो धडपणे उतरला पाहिजे, बस."

चार्वी उरलेल्या पाच ठिपक्यांकडे बघत बसली. छोटं, मोठं, छोटं, मोठं... आणि एकदम ताडकन उठली. "हे काय हे! शाळेत आम्ही प्रार्थनेला असे उभे राहिलो तर पाटीलबाई कान धरतील! बुटके सगळे पुढे, उंच सगळे मागे. घारू, छोट्यामागे छोटं आलं तर किती थांबायचं?"

"दोन मिनिटं."

"छोट्यामागे मोठं?"

"दोनच."

"मग चार मिनिटांची भानगड फक्त मोठ्यामागे छोटं आलं की होते ना? ती तीनदा कशाला? एकदाच होऊ दे! तिन्ही टिटव्या ओळीनं घे, मग उरलेले दोन्ही ऐरावत."

घारूचे डोळे लुकलुकायचेच थांबले. "पण ऐरावत वेगवान असतात. मागून येऊन टिटवीला गाठतील. दोन मिनिटांचं अंतर वाटेतच खाऊन टाकतील."

"म्हणून त्यांना आत्तापासूनच हळू करायचं," मावशी सावरून बसली. "टिटव्या जवळच रेंगाळताहेत, आणि हे दोन्ही अजून लांब आहेत, इंधनही भरपूर आहे. घारू, हिशेब तपास."

"टिटवी एक बारा चारला, दोन बारा सहाला, तीन बारा आठला. ऐरावत दोन बारा दहाला, ऐरावत तीन बारा बाराला. ऐरावत दोनला चार मिनिटं उशीर, बाकी कुणालाही नाही. सोळा मिनिटांचं काम बारात."

"आपला माणूस नसता तरी मी हेच केलं असतं का?" मावशी पुटपुटली.

"हो," घारू म्हणाला. "हिशेबात भाऊ कुठेच नव्हता."

मावशी हसली, आणि तिनं भराभर हुकूम सोडले.

बारा आठला टिटवी तीन टेकली. नवरदेव मुंडावळ्या बांधतच पळत सुटले, मागून कलश सांभाळत करवली, आणि शेवटचं ऐरावत टेकताच मनोरा घारूवर सोपवून पैठणीचा काष्टा खोचलेली मावशी. अक्षता पडल्या त्या बरोबर सव्वाबाराला!

पण जेवणाच्या पंगतीत नवरीचे मामा गाल फुगवून बसले होते. ते आले होते ऐरावत दोनमधून. "आमचं विमान मागे ढकललंत आणि तुमच्या माणसाला पुढे घेतलंत. वशिला, दुसरं काय!"

चार्वीच्या रागाचा पारा चढला. तिनं त्यांची मठ्ठ्याची वाटी पुढे ओढली, चमचा बुडवला आणि सर्रकन ओढला. कोथिंबिरीचं पान गरगर फिरलं. मग तिनं टोकभोवऱ्यापासून पाटीलबाईंपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. मामांनी ते पान थांबेपर्यंत पाहिलं, मग स्वतः चमचा ओढून पाहिला, एकदा नाही, चांगला चारदा. "अस्सं होय! मग बरोबर केलंत," म्हणाले, आणि दुसरी जिलबी घेतली.

"थोड्याच वर्षांत आकाशात रिक्षासुद्धा उडतील," मावशी चार्वीला म्हणाली. "तेव्हा रांग लावायला माणसं लागतील हं."

"मी आहे की!" चार्वी म्हणाली.

तेवढ्यात मावशीच्या फोनमधून घारूचा आवाज आला. "वशिला म्हणजे काय ते मला आता समजलं. विमान नाही, उतरतही कुठे नाही. पण मागे भोवरे मात्र फार सोडतो."