दार वाजवू नये

साहेब, माझी बहीण जिवंत होती आणि तुम्हाला ते माहीत होतं. माहीत असून तुम्ही तिच्यावर माती ओतायला लावलीत. याला चूक म्हणत नाहीत.

हे मी लिहून आणलंय, कारण बोलायला लागले की आधी शिव्याच तोंडात येतात. मी शाळा अर्ध्यात सोडलेली बाई. लॉन्ड्रीत कपडे गुंडाळायला येणारी रद्दी वाचून वाचून लिहायला शिकले. भाषा कुठे घसरली तर घसरू दे. मध्ये बोलू नका, असं बजावणार होते. पण आता त्याची गरज राहिलेली नाही.

तर, सुरुवातीपासून.

आम्ही त्या इमारतीच्या तळघरात राहायचो. आई, मी आणि धाकटी. दोन खोल्या, आणि छताला चिकटलेली एक खिडकी. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. धाकटी बुटांवरून माणसं ओळखायची. "दुसऱ्या मजल्यावरचे काका आज भांडून निघालेत," म्हणायची, आणि खरंच निघालेले असायचे.

आई दवाखान्यात नर्स, कायम रात्रपाळीला. दिवसा झोपायची. आम्हा दोघींचं सगळं लहानपण आईच्या झोपेला लागून असलेल्या खोलीत गेलं. आमचा आवाज वाढला की आई पडल्या पडल्या भिंतीवर बोटाचं हाड वाजवायची. टक टक. ओरडायची नाही, कारण ओरडलं की तिचीच झोप उडायची. टक टक ऐकलं की आम्ही होतो तिथे, होतो तशा थिजायचो. हातातला घास हातात. श्वाससुद्धा नाकाच्या टोकावर. मी कधी ना कधी हलायचे, धाकटी नाही. एकदा तर ती तशीच उभ्या उभ्या झोपून गेली होती.

मग बाहेरून एखादा ट्रक धडधडत जायचा. तेवढीच आमची सुट्टी. ट्रकच्या आवाजात आम्ही हसून घ्यायचो. ट्रक गेला की पुन्हा गप्प.

मोठ्या झालो, तरी ते अंगातून गेलं नाही. कुठेही टक टक झालं की धाकटी गप्प. तिच्या कॉलेजात बाईंनी फळ्यावर डस्टर आपटला तर हिचं उत्तर घशातच राहायचं. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो.

भूकंप झाला त्या सकाळी तिला ताप होता, म्हणून घरीच झोपली होती. आईची पाळी संपलेली, पण बदलीची नर्स आली नव्हती. मी समोरच्या गल्लीत लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीपाशी. तुमचेच शर्ट होते हो टेबलावर. बाहेरून पांढरे फेक. कॉलर आतून कशी असते ते आम्हालाच ठाऊक.

आधी हँगर हलले. कोट, साड्या, शर्ट, सगळे एकाच दिशेने झुलायला लागले, जसे काही त्यांच्यात माणसं आहेत आणि ती चालायला लागली आहेत. मला वाटलं, मलाच चक्कर येतेय. मी टेबलाचा पाय धरला, तर टेबलच चाललं होतं. मग खालून आवाज आला. तो कानाला नाही, दातांना ऐकू आला. लादी पायाखालून कोणीतरी ओढून घेतंय असं वाटलं, आणि मालक "बाहेर! बाहेर!" ओरडत माझ्या अंगावरून गेले. बाहेर आले तेव्हा समोर इमारत नव्हती. धूळ होती, आणि धुळीतून वर आलेला एक जिना, कुठेच न जाणारा.

दुपारी तुम्ही आलात. मदतकार्याचे प्रमुख. डोक्यावर नवी कोरी टोपी, तिच्यावरचं स्टिकरसुद्धा काढलेलं नव्हतं. तुमची कामाची रीत मी पाहिली, ती चांगलीच होती, खोटं कशाला बोलू? शिट्टी वाजली की ढिगारा उपसायची मशीन बंद. माणसं जागच्या जागी उभी. मग एक जण ढिगाऱ्यातून वर आलेल्या पाण्याच्या पाइपावर हातोडीने दोन ठोके मारायचा, आणि सगळे कान लावायचे. खाली कोणी असेल तर ते उत्तर देणार.

उत्तर आलं नाही. पुन्हा शिट्टी, पुन्हा दोन ठोके. नाही आलं.

तुम्ही हात फिरवलात. मशीन सुरू झाली. मी त्याच पाइपाला टेकून उभी होते. आणि मशीन घरघरायला लागली तसा माझ्या पाठीत पाइप धडधडला. मशीनसारखा नाही. घाईघाईने, वेडावाकडा, एखादं माणूस वाटीने मारेल तसा. मशीन थांबली, तो थांबला. हातोडीचे ठोके पडले, काहीच नाही. मशीन लागली, पुन्हा सुरू.

मला एका क्षणात कळलं. मी तुमच्याकडे धावले.

"साहेब, ती आहे! फक्त वाजवू नका. वाजवलं की ती गप्प बसते."

"कोण गप्प बसते?"

"माझी बहीण. तिला सवय आहे. तुम्ही टक टक करता ना, ती गप्प बसते. मशीन लावली की ती वाजवते. हाका मारा, हातोडी नको."

तुम्ही शेजारच्या माणसाकडे बघून हसलात. "म्हणजे आपण बोलावलं की ती गप्प, आणि आपल्याला ऐकू येत नाही तेव्हा ती बोलते. बाई, असं माझ्या घरीपण आहे."

तो माणूस हसला. मीसुद्धा हसले असते, दुसऱ्या कोणत्याही दिवशी.

मी तुमचा हात धरला आणि पाइपावर ठेवला. मशीन चालू होती. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, साहेब. तुमचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. तुम्ही चटका बसल्यासारखा हात काढलात, पँटला पुसलात.

"थरथर आहे मशीनची," म्हणालात. मग घड्याळ बघितलंत, कारण संध्याकाळी कॅमेरे घेऊन मोठी माणसं येणार होती आणि त्यांना जागा साफ हवी होती. "तळघर खोदायचं नाही. भरून घ्या."

मला धरून बाहेर नेलं. लांबून दिसत होतं. डंपरमागून डंपर माती. केवढा आवाज. त्या सगळ्या आवाजात ती वाजवत असणार.

तेवढ्यावर थांबला असतात तरी मी कदाचित नुसती रडत बसले असते. पण देह मिळाला नाही, म्हणून कारण द्यावं लागलं. तुम्ही स्वतः आमच्या तंबूत आलात आणि माझ्या आईला म्हणालात, "मुलगी आत नव्हतीच. तरुण पोर आहे, आधीच कोणाबरोबर तरी निघून गेली असेल. भूकंपाचं निमित्त झालं. येईल परत."

आईने तुमच्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर नाही. कारण माझ्या बोलण्यात पोर मेलेली होती आणि तुमच्या बोलण्यात जिवंत. तेव्हापासून ती रोज मला विचारते, "काय चुकलं गं माझं? का गेली ती?" आई दिवसा झोपत नाही आता. दाराकडे तोंड करून बसते.

त्याच जागेवर तुम्ही पुनर्वसनाचं ऑफिस बांधलंत. बुटकं, पांढरं, पत्र्याच्या छपराचं. मी अर्ज घेऊन आले. मागणी एवढीच, की ती आत होती असं आईला सांगा. तुमच्या केबिनचं दार मी वाजवलं. दोनदा.

ऑफिस गप्प झालं. म्हणजे माणसं गप्प झाली असं नाही. टायपिस्ट बाईंची बोटं चालत होती, मशीनचा आवाज नव्हता. पंखा फिरत होता, त्याचा आवाज नव्हता. एका बाकावर म्हातारा खोकत होता, त्याचे खांदे तेवढे हलत होते. मग बाहेरून एक ट्रक गेला आणि सगळं पुन्हा सुरू झालं. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "कान बसला वाटतं माझा." तुम्ही आतून म्हणालात, "आज वेळ नाही."

पुढच्या खेपेला दारावर पाटी होती. दार वाजवू नये.

"मग आत कसं जायचं?" मी शिपायाला विचारलं.

"खोकायचं. इथे सगळे खोकूनच जातात." तो हळू बोलत होता. "बाहेरच्यांना वाटतं, हापिसात टीबी पसरलाय."

"आणि वाजवलं तर?"

तो हसला नाही. "बाई, कामाचं बोला."

टायपिस्ट बाई मात्र बोलल्या. मी त्यांच्या घरी लॉन्ड्रीचे कपडे घ्यायला गेले होते. त्यांनी दार लावून घेतलं. "फायलींचं कपाट बंद करताना दोनदा आपटलं, तर माझा आवाज गेला. संध्याकाळी बस गेली जवळून, तेव्हा परत आला. घरी कोणाला सांगू?" मग म्हणाल्या, "वीज जाते ना, जनरेटर लावतात. केवढा आवाज करतो तो. तेव्हा फरशीखालून..."

"वाजतं?"

"नाही हो. कोणीतरी हसतं. लहान मुलीसारखं. तोंडावर हात ठेवून."

मी त्यांच्या साड्या मोजायच्या विसरले.

भूकंपाला वर्ष झालं म्हणून तुम्ही ऑफिसच्या अंगणात कार्यक्रम ठेवलात. खुर्च्या, मांडव, मागे जनरेटर. आईला नवी साडी नेसवून मी पहिल्या रांगेत बसवलं. तुम्ही माइकसमोर आलात. मला दिसलं, माइक चालू आहे का बघायला तुमचं बोट सवयीने वर गेलं.

तुम्हाला ओरडून थांबवता आलं असतं मला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

टक टक. दोन्ही कर्ण्यांतून, सगळ्या अंगणावर, फरशीतून खाली.

जनरेटर थरथरत होता, मुका. एक बाळ तोंड पूर्ण उघडून रडत होतं. लोक एकमेकांचे दंड धरायला लागले. मला फक्त पायांखाली कळत होतं, की कोणीतरी अगदी जवळ, श्वास रोखून उभं आहे.

मग रस्त्यावरून एक टँकर गेला. सगळ्यांना आपापला आवाज परत मिळाला.

तुम्हाला नाही.

तुम्ही बोलत होता. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. लोकांना वाटलं माइक बिघडलाय. आई मला म्हणाली, "काय म्हणतायत गं ते? तिचं काही म्हणतायत का?"

बाकीचं या कागदावर नाही, ते मला तुमच्या मिसेसनी सांगितलं, आत्ता बाहेर, स्वयंपाकघरात. मोठ्या डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. मग छाती बघावी म्हणून त्यांनी, डॉक्टर करतात तसं, तुमच्या छातीवर बोट ठेवून वर दुसऱ्या बोटाने वाजवलं.

दोनदा.

"ह्यांच्या छातीचा ठोका थांबला हो ताई," त्या म्हणाल्या. "नळी कानात होती डॉक्टरांच्या. पांढरे पडले. मी भांडं पाडलं घाबरून, मोठा आवाज झाला, तेव्हा परत सुरू झाला. डॉक्टर पुन्हा आलेच नाहीत."

मग त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही काही केलंय का? खरं सांगा."

"मी कपड्यांना इस्त्री करते," मी म्हटलं.

म्हणून तुमच्या घरात चमच्यांना फडकी गुंडाळलीत. खुर्च्यांच्या पायांना रबर. म्हणून रेडिओ सारखा चालू असतो. हा बघा, आता मी तो बंद केला. काय शांत खोली आहे तुमची.

घाबरू नका, मी हात लावणार नाही. माझे हात या कागदावर आहेत. वही तुमच्या मांडीवर आहे, पेन बोटांत आहे. एक ओळ लिहायची. त्या दिवशी त्या पाइपावर तुमच्या तळव्याला काय लागलं, तेवढं. आई वाचेल आणि दाराकडे बघायचं सोडेल. एवढंच हवंय मला. दुसरंही हवं होतं, पण ते धाकटी बघून घेतेय.

आई आली आहे माझ्याबरोबर. बाहेर उभी आहे, तुमच्या खोलीच्या दारापाशी. मी हाक मारल्याशिवाय आत येऊ नकोस म्हटलंय. तिला यातलं काही माहीत नाही, ती आपली साहेबांना भेटायला आली आहे. पण म्हातारं माणूस, किती वेळ उभं राहणार? आणि न विचारता कोणाच्या खोलीत शिरायची तिची पद्धत नाही.

दाराच्या काचेतून दिसतेय बघा. पदर सारखा केला तिने. आता हात वर केलाय, बोटं मिटलीत.

लिहा, साहेब. ती आत होती की नव्हती?