चार दहाचे बेचाळीस सेकंद

सलग अकरा दिवस मी साडेतीनशे ओळींच्या एकाच फाइलकडे बघत होतो. स्वतःच लिहिलेल्या ओळी, पण आता ओळखही देईनात. नाकी नऊ आले होते.

आमची कंपनी श्वास देणारी यंत्रं बनवते. यंत्रातला पंप आणि त्यातला छोटा संगणक यांची बोलणी जमवून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझा. त्यातलंच एक यंत्र घरी बाबांच्या उशाशी आहे. त्यांच्या छातीत आता स्वतःचा जोर उरलेला नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "एक मिनिट थांबलं तर खेळ संपला."

आणि ते थांबत होतं. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. यंत्र ऑफिसला पाठवतं त्या नोंदीत पहिल्या दिवशी सात सेकंद पंप गप्प, मग एकोणीस, आज बेचाळीस. भोंगा वाजला नाही, बाबांना धापही लागली नाही. मी यंत्र बदलून दुसरं लावलं होतं. तेही चार दहालाच थांबलं.

दोष कुठल्या जातीचा, ते मला ठाऊक होतं. असल्या संगणकात एक काम अर्ध्यावर असताना त्याला बाजूला सारून जास्त तातडीचं काम मध्ये घुसू शकतं. ते उरकलं की पहिलं काम जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. गंमत अशी, की आपल्याला कुणी बाजूला सारलं होतं हे त्या कामाला कळतच नाही. म्हणून नाजूक ओळींभोवती कुलूप घालायचं, म्हणजे तेवढ्यात कुणी मध्ये यायचं नाही. काम झालं की कुलूप काढायचं. नव्या लोकांना मी हे दहा मिनिटांत शिकवतो आणि वर चारदा बजावतो.

आता मध्ये कोण घुसतं तेवढं शोधायचं होतं. नोंदीत प्रत्येक कामाला नाव असतं, क्रमांक असतो. त्या बेचाळीस सेकंदांच्या कामाला दोन्ही नव्हतं. तातडी मात्र सगळ्यांत वरची.

पलीकडे बसणारी, माझा कोड तपासणारी टेस्टर माझ्या खांद्यावरून डोकावली. "भूतच की रे हे."

"बाई, माझ्यात हसायचं त्राण नाही."

"दिसतंय ते. आज चारला हाका मारून दमले. कुठं उलथला होतास?"

"इथंच होतो."

"जागेवर नव्हतास."

मी चारला एक ओळ लिहीत होतो, हे मला लख्ख आठवत होतं. अर्धी ओळ लिहिली, मग उरलेली अर्धी. मध्ये काहीच नव्हतं. शेजारचा वाफाळता चहा तेवढा गार झाला होता.

संध्याकाळी घरी गेलो तर ताईनं दारातच धरलं. "घर आहे की धर्मशाळा? रोज चारला येतोस आणि मला हाकसुद्धा न मारता पळतोस!"

"मी?"

"मग कोण? पाठमोरा दिसतोस की. बाबांचा हात हातात घेऊन बसलेला असतोस." ती जरा निवळली. "बस बाबा, बसत जा. नाहीतर एरवी तुला वेळ कुठं असतो."

ऑफिस ते घर चाळीस मिनिटं लागतात. पण मला त्या क्षणी भीती नाही वाटली, लाज वाटली. बाबांजवळ मी शेवटचा कधी बसलो होतो, ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. बाबांच्या खोलीत, पलंगासमोर टेबल ओढून लॅपटॉप मांडला. नेमकी जागा सापडत नव्हती, म्हणून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यालाच कुलूप घातलं. नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती. पण आज बेचाळीसाचे साठ झाले असते तर?

कोड टेस्टरला पाठवला. ती बघेपर्यंत थांबायला हवं होतं. चार नऊ झाले होते. बाबा डोळे मिटून पडले होते, ताई स्वयंपाकघरात होती.

नवा ड्रायव्हर यंत्रात सोडला. बटण दाबलं तेव्हा घड्याळात चार दहा होत होते.

पंप चालू होता.

चार अकरा. चार बारा. नोंदीत एक सेकंदाचाही खंड नाही.

अंग एकदम हलकं झालं. मानेतली कळ गेली. डोळ्यांची आग गेली. थकवा म्हणून काही उरलाच नाही.

मग लक्षात आलं, मी पलंगाच्या कडेला बसलोय. बाबांचा हात माझ्या हातात होता.

फोन वाजला. टेस्टर होती. "घातलास की काय यंत्रात?"

"हो. चालतंय."

"अरे, कुलूप लावलंस, पण चूक झाली तर मधूनच परत फिरायची वाट आहे ना, तिथं काढायचं विसरलास! त्या वाटेनं गेलं तर जो आत आहे तो आतच बसेल. बाजूला सारलेल्याची पाळी पुन्हा येणारच नाही."

"चालतंय नीट," मी म्हणालो.

"तुझा आवाज असा काय येतोय?"

मी फोन ठेवला.

बाबांनी डोळे उघडले. मास्कच्या आडून तुटक बोलले, "आज निवांत बसलात."

"हो."

"रोज येता. उपकार आहेत तुमचे." यंत्रानं श्वास दिला. "पण आता माझ्या मुलाला बसू द्या जरा."

मी त्यांचा हात सोडला नाही.

"हाक मारा ना त्याला. बघा, समोर टेबलाशी कधीचा तसाच बसलाय. बोटसुद्धा हलत नाहीये त्याचं."

लॅपटॉपसमोरची खुर्ची रिकामी होती.