शेजारणीचं भांडं

धुरपताबाईंना वर्ध्याच्या त्या लहानशा संग्रहालयात काही जुनंपुराणं पाहायचं नव्हतं. त्यांना एका भांड्यात मूठभर ज्वारी टाकायची होती. घरी मात्र त्यांनी सांगितलं, डोळे तपासून येते. साठीच्या बाईला खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही, कोणी खोदून विचारतच नाही.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. नाचणगावच्या शिवारात, त्यांच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, मोठाल्या दगडांचं एक वर्तुळ होतं. विद्यापीठाची माणसं आली, त्यांनी ते खणायला घेतलं आणि धुरपताबाई मजुरीवर खापरं धुवायला बसल्या. वर्तुळाच्या मधोमध हजारो वर्षांपूर्वी पुरलेल्या एका बाईची हाडं निघाली, आणि एक दिवस त्या हाडांजवळचं अख्खं भांडं धुवायला आलं. आतून काळं, बाहेरून तांबडं, ओंजळीत मावेल एवढं. तळाशी राखेसारखी माती होती. भांड्यातली माती पुडीत बांधून ठेवायची, असं खोदकाम पाहणाऱ्या मॅडमनी दहादा बजावलं होतं. पण जन्मभर भांडी घासलेला हात तो! बाईंनी माती काढून फेकली, भांडं लख्ख धुतलं आणि संध्याकाळी मॅडमच्या हातात ठेवलं.

अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या मनाला टोचणी लागली. शेजारणीची वाटी घरात आली, तर आपण ती रिकामी परत करत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून देतो. आणि इथे जिची वस्तू, तिचं होतं नव्हतं तेही आपण सांडून दिलं. वावराशेजारी निजलेली, म्हणजे शेजारीणच की ती.

पुढे सून मोहिनी दोनदा गरोदर राहिली, आणि दोन्ही वेळा सातव्यात सगळं संपलं. डॉक्टरांनी सांगितलेली कारणं मुलानं, विवेकनं, मान डोलावून ऐकली. धुरपताबाईंना ती पटली नाहीत. आता मोहिनीला पुन्हा सातवा लागला होता आणि म्हातारीच्या जिवाला थारा नव्हता.

संग्रहालयात दुपारी चिटपाखरू नव्हतं. वीज गेलेली. झरोक्यातून येणारं माघातलं पिवळं ऊन दगडी मूर्तींच्या पायांशी येऊन थांबलं होतं, आणि आत नुकतंच पाणी शिंपडल्यासारखा मातीचा वास येत होता. पहारेकरी अंकुश त्यांच्याच गावचा पोरगा, खोदकामावरही होता.

"साहेब जेवाले गेले, मावशी. काच उघडून देतो, पण लवकर करजो. माही नोकरी नको घालवजो."

"तुही नोकरी खाऊन माहं पोट भरते का रे? जाय, दारात उभा राह्य."

तो दाराकडे गेला. बाईंनी पदराची गाठ सोडली. यंदाची नवी ज्वारी होती. मूठ भांड्यावर धरून त्यांनी हळूच बोटं सैल केली. दाणे पडत राहिले, पण त्यांचा आवाज आला नाही. मूठ संपली तरी काही तरी पडतच आहे, खूप खोल, असं त्यांना वाटत राहिलं.

त्या समोरच्या बाकावर टेकल्या. डोळे मिटले असतील, नसतील. समोर त्यांचंच वावर होतं, पण कपाशी नव्हती, धुरा नव्हता. नुसतं कमरेएवढं गवत, आणि ते वाऱ्याशिवाय हलत होतं. दगडांच्या मधोमध एक तरणी बाई पाठमोरी बसली होती. ओल्या केसांना धुराचा वास.

"मले माफ कर वं बाई," धुरपताबाई म्हणाल्या. "मी तुह्यं भांडं रिकामं करून देल्लं."

"आता भरलं ना..." ती वळली नाही. "सुनेले कितवा?"

"सातवा..."

"माहाबी सातवाच होता."

गवत थांबलं. बाईंना रडू आलं, आणि का ते कळेना. ती पाठमोरीच हळू बोलली, "मीबी कोणाचं रिकामं ठेवत नाई, माय..."

"मावशी! ओ मावशी! साहेबाची गाडी आली!" अंकुश काच लावत होता. भांड्यात एकही दाणा नव्हता. चष्मा घरी राहिलेला, म्हणून बाईंनी पाटीकडे बोट केलं. "काय लिवलं रे तिथं?"

अंकुशनं वाचलं, "या भांड्यासोबत पुरलेली स्त्री, वय अंदाजे वीस वर्षे. पोटात सात महिन्यांचा गर्भ."

त्या दिवशी बाईंना भीती वाटली नाही, उलट हलकं वाटलं. शेजारणीनं माफ केलं होतं. घरी जाऊन त्या पोटभर जेवल्या.

आठ दिवसांनी पुलगावच्या दवाखान्यात मोहिनीची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण बाई पडद्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या, मग हसल्या. "दोन आहेत की! मागच्या वेळी एक दुसऱ्याच्या आड लपलं असेल. दोघांचेही ठोके छान आहेत."

विवेक पेढे आणायला धावला. धुरपताबाईंच्या छातीत मात्र आनंद आणि धास्ती एकदमच शिरली. शेजारणीनं भरून पाठवलेलं, 'नको' म्हणून परत कसं करायचं? आणि उद्या ती स्वतःच मागायला आली तर?

परतीच्या ऑटोत मोहिनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होता.

"आत्याबाई, तुमी बिल भराले गेलत्या ना, तवा एक बाई बाकावर येऊन बसली. माह्याकडे पाठ करून. कोणाची कोण, पण लय मायेनं बोलली."

"काय... काय म्हणे?"

"म्हणे, डाव्या कुशीवर निजत जाय पोरी. माह्या लेकराले तीच सवय हाये."

धुरपताबाईंनी सुनेचा हात गच्च धरला. काही बोलावं म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर मोहिनी डाव्या कुशीला कलून कधीच झोपी गेली होती.