सतरंजीवरची मोकळी जागा

रानपाखरू पुरस्काराचा निकाल कागदावर लागत नसे, सतरंजीवर लागत असे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मुलांसाठी लिहिणाऱ्यांना हा पुरस्कार मिळायचा. शाल नाही, श्रीफळ नाही. जिंकलेली गोष्ट चित्रांसकट छापायची आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांना फुकट वाटायची, एवढाच पुरस्कार. हरलेली गोष्ट लिहिणाऱ्याच्या पिशवीत परत. परीक्षकांनी तीन गोष्टी निवडल्या की त्यांचं काम संपायचं. मग त्या तीन गोष्टी गावोगावच्या शाळांत मोठ्यानं वाचल्या जायच्या, वर्गात तीन सतरंज्या अंथरल्या जायच्या, आणि ज्या पोराला जी गोष्ट आवडली त्यानं तिच्या सतरंजीवर जाऊन बसायचं. जिकडे दाटी, तिकडे पुरस्कार. पोरांच्या पुस्तकातलं मोठ्यांना काय डोंबल कळतं, असं पुरस्कार सुरू करणाऱ्या मास्तरांचं मत होतं. मास्तर वारले, पण मत तसंच राहिलं.

वाचायचं काम नागसेन अलोणेचं. तो ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत होता. कोळशाचा नमुना जाळायचा आणि मागे किती राख उरते ते बघायचं, ही त्याची नोकरी. आवाज मात्र असा की एसटीत तिकीट मागितलं तरी चार माणसं वळून बघत. भूतखेत, भानामती असलं काही कुणी त्याच्यासमोर काढलं की तो त्या माणसाची तिथल्या तिथे बिनपाण्यानं करायचा. बायको जया म्हणायची, "तुमाले भूत दिसलं ना, तं तुम्ही त्यालेबी जाळून राख पाहान."

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. त्या वर्षी तीन गोष्टींत एक चंद्रपूरच्या प्राध्यापकांची होती, एक वरोऱ्याच्या डॉक्टरीणबाईंची, आणि तिसरी नागभीडजवळच्या कोसंबीटोल्यावरच्या अंगणवाडीसेविकेची, गिरजा शेंडे यांची. नाव 'खिडकीबाहेरची'. गोष्ट साधी. एक मुलगी रोज शाळेच्या खिडकीशी उभी राहून आतलं ऐकते. उन्हात, थंडीत, झडीत. कविता तिला आतल्या पोरांच्या आधी पाठ होतात. शेवटी एक दिवस मास्तरांचं तिच्याकडे लक्ष जातं आणि ते म्हणतात, "ये. आत बस." इथे गोष्ट संपते.

पहिलं वाचन चिमूरकडच्या एका शाळेत झालं. नागसेननं तिन्ही गोष्टी वाचल्या. पोरं उठली आणि बहुतेक सगळी गिरजाबाईंच्या सतरंजीवर गेली. इतकी दाटी की कडेची पोरं अर्धी फरशीवर होती. आणि तरी खिडकीखाली सतरंजीचा एक तुकडा मोकळा होता. एकमेकांच्या मांडीवर चढतील, पण तिथे कुणी बसेना. नागसेनला वाटलं, ओलं असेल, नाहीतर मुंग्या असतील. पोरं गेल्यावर त्यानं वाकून हात लावला. कोरडं होतं. मुंगी एक नव्हती.

मूलला तेच झालं. ब्रह्मपुरीकडे तेच.

पुरस्काराचा सचिव धनराज प्रत्येक वाचनाला सोबत असायचा. पोष्टात नोकरी, आणि स्वभावानं संशयी. ब्रह्मपुरीहून परतताना तो म्हणाला, "नागसेनभाऊ, बाईनं पोट्टे पढवले. सारे एकाच जागी जागा सोडते, असं कुठी रायते का?"

"काऊन पढवन? त्यात तिचा काय फायदा?"

"ते मले नाई मालूम. पन लिहिनारा पोट्ट्याइले आधी भेटला तं गोष्ट बाद. नेम हाय."

नेम होता खरा. नागसेनला गोष्ट आवडली होती, ती बाद करायची या विचारानंच त्याला वाईट वाटलं. पण खोटं त्याला चालत नसे, आवडत्या माणसाचंही. तो म्हणाला, उरलेलं वाचन सिरोंच्याला ठेवू. तिथवर कोसंबीटोल्यावरून कोण जातंय?

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं शेवटचं टोक. पुढे गोदावरी, आणि नदीपलीकडे तेलुगू मुलूख. आलापल्लीच्या पुढे रस्ता असा की एसटीत बसलेला माणूस अर्धा वेळ उभाच असतो. धनराजची कंबर धरली, तो विश्रामगृहावर पडून राहिला. नागसेन एकटाच शाळेत गेला. तिथली पोरं घरी तेलुगू बोलत, शाळेत मराठी. या खेपेला त्यानं एक केलं. गिरजाबाईंची सतरंजी खिडकीपासून लांब, वर्गाच्या मधोमध अंथरली. नमुना बदलला की निकाल बदलतो का, हे बघायची त्याची सवयच होती.

त्यानं वाचलं. पोरं उठली, सतरंजी भरली. बरोबर मधोमध जागा मोकळी राहिली.

आता तिच्या चारही बाजूंना पोरं होती. त्यांची अंगं एकमेकांना दाबत होती, आणि त्या जागेच्या कडेला मात्र प्रत्येकानं गुडघे आवरून घेतले होते. जणू तिथल्या कुणाला धक्का लागू नये असे.

नागसेननं जवळच्या एका मुलीला विचारलं, "इथं कुणी का बसत नाही गं?"

"बसली हाय ना," मुलगी म्हणाली.

"कोण?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की मोठी माणसं एवढी विसराळू कशी. "आता तुमीच बलावलं ना, सर. ये, आत बस म्हनून."

बाकीची पोरं हसली नाहीत. एकानं नुसती मान हलवली.

"तिच्या कडेवर लेकरू हाय," मुलगी म्हणाली. "म्हनून जागा जास्त लागते."

नागसेननं गोष्टीची पानं तिथेच उभ्यानं पुन्हा चाळली. लेकरू नव्हतं. कुठेच नव्हतं. खिडकीबाहेरची मुलगी सगळ्या गोष्टीत एकटी होती.

परतीच्या प्रवासात त्यानं हिशेब मांडला. जे गोष्टीत नाही ते पोरांना ठाऊक आहे. म्हणजे कुणीतरी सांगितलं. म्हणजे धनराज म्हणतो तेच खरं. एवढा सरळ हिशेब मांडूनही त्याचं मन काही शांत होईना. शेवटी त्यानं ठरवलं की बाईंना तोंडावर विचारायचं आणि गोष्ट बाद करायची.

कोसंबीटोल्यावर तो दुपारी पोचला. तलावाच्या पाळीवर गिरजाबाईंचा नवरा इस्तारी जाळं वाळत घालत होता. अंगणवाडीत खिचडीचं पातेलं घासून उपडं ठेवलं होतं आणि गिरजाबाई लेकरांच्या पाट्या गोळा करत होत्या. चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई. त्यांनी त्याला चटई दिली, पाणी दिलं, आणि पुरस्काराबद्दल एक शब्द विचारला नाही.

"गिरजाबाई, तुमी सिरोंच्याले गेल्या होत्या का कधी?"

"म्या तं चंद्रपूरच दोनदा पाह्यलं, भाऊ."

"कुणाहाती निरोप? ओळखीचे मास्तर?"

"नाई जी. काऊन?"

त्यानं सगळं सांगितलं. मोकळ्या जागेचं ऐकताना त्या नुसत्या बघत राहिल्या. कडेवरच्या लेकराचं सांगितलं, तशी त्यांच्या हातातली पाटी खाली आली. बाहेर मोहाच्या फुलांचा वास दाटला होता.

"ते लेकरू म्हंजे मी," त्या म्हणाल्या. "माही मोठी बहीन होती, रुखमा. मायबाप कामाले जाये, अन् ती मले कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीपाशी उभी राये. मास्तर म्हने, तू ये, पन लेकरू नको, लेकरू रडते. मले ठेवन कुठी? मंग तापानं गेली ती. मी दोन वर्साची होती. मले तिचं तोंडबी आठवत नाई, भाऊ. मायनं सांगतलं तेवढंच."

"गोष्टीत लेकरू का नाही लिहिलं?"

"लिवलं असतं तं मास्तरानं तिले आत घेतलं असतं का?" गिरजाबाईंचे डोळे भरून आले. "म्हनून म्या मलेच काढून टाकलं. हे म्या कोनाले सांगतलं नाई. याइलेबी नाई."

इस्तारी पाळीवरून इकडेच बघत होता.

"मले मान नको, भाऊ. पन गोष्ट छापा. साऱ्या शाळाइत तिले एक डाव आत बसू द्या."

नागसेन उठला. दारापर्यंत गेल्यावर मागून प्रश्न आला, अगदी हलक्या आवाजात.

"ते लेकरू रडते का, भाऊ?"

"पोरं तसं काही बोलली नाहीत," तो म्हणाला.

धनराजला त्यानं एवढंच सांगितलं की बाईंनी कुणाला पढवलेलं नाही, हे मी लिहून देतो. जागेबद्दल विचारल्यावर म्हणाला, कळलं नाही. हे दोन शब्द त्यानं आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. पुरस्कार गिरजाबाईंना जाहीर झाला. आपण एका बाईचं दुःख हलकं केलं याचा नागसेनला आनंद होता, आणि आता ही गोष्ट गावोगाव वाचली जाणार याची भीतीही होती. दोन्ही एकदम असू शकतं, हे त्याला नव्यानं कळलं.

समारंभ नागभीडच्या एका शाळेच्या पटांगणात, रविवारी सकाळी झाला. मांडव, हार, कर्कश माईक. समोर सतरंज्यांवर पोरंच पोरं. स्टेजवर गिरजाबाई नव्या कडक साडीत अंग चोरून बसल्या होत्या. छापलेलं पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

पाहुण्यांचं भाषण संपलं. रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या गोष्टीचं शेवटचं पान वाचायला नागसेन उभा राहिला.

शेवटच्या ओळीपाशी थांबून त्यानं समोर पाहिलं. पोरं वाट बघत होती. गिरजाबाईही.

"ये," तो म्हणाला. "आत बस."

पहिल्या रांगेतली पोरं सरकली. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणे धनराजशी बोलत होते, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गिरजाबाई खुर्चीतून उठल्या. पुस्तक खुर्चीवर ठेवून त्या पायऱ्या उतरल्या आणि त्या मोकळ्या जागेच्या अगदी कडेला, पोरांत मांडी घालून बसल्या. लोकांना कौतुक वाटलं, टाळ्या पडल्या.

शेजारी दोन वेण्या घातलेली एक लहान मुलगी होती. तिनं मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग गिरजाबाईंकडे.

"बाई, तिनं लेकरू खाली ठेवलं."

नागसेन स्टेजच्या कडेलाच उभा होता. त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"कुठी?" गिरजाबाईंनी विचारलं.

मुलगी हसली. "तुमच्या मांडीवर ना."

गिरजाबाईंनी खाली पाहिलं नाही. त्या समोर बघत राहिल्या. बघता बघता त्यांचा गुडघा हलायला लागला. हळू, एका लयीत.

मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंची पोरं आता सैल बसली होती. कुणीतरी आरामात मांडी घालून बसलं की शेजारचे बसतात तशी.

कार्यक्रम संपला. पोरं उठली, चिवड्याच्या पुड्यांकडे धावली. सतरंजीवर गिरजाबाई एकट्याच उरल्या. फोटोवाला खोळंबला होता. नागसेन खाली उतरून त्यांच्याजवळ गेला. नव्या साडीला मांडीवर खोल चुणी पडली होती, आणि त्यांचा उजवा हात तिच्या थोडा वर, हवेत, थोपटत होता.

"गिरजाबाई, चला. फोटो काढायचा आहे."

त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते, चेहरा आईचा होता.

"हळू बोला, भाऊ," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागला."