वळचणीखालचा नायक

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून अपोंडी मागच्या बाजूने खिडकी शोधायला गेली आणि वळचणीखाली उभ्या असलेल्या एका उंच तरुणावर जाऊन आदळली. सरोवरावरून पाऊस तिरपा येत होता. त्याचा इस्त्रीचा शर्ट एका अंगाने चिंब झाला होता.

"आत जा की! पिक्चर केव्हाच सुरू झाला."

"न-नको. आत जो दिसतोय ना... तो मी-मीच आहे."

अपोंडीने निरखून पाहिलं. ओकेयो! दुंगा गावाच्या भिंतीभिंतीवर ज्याचा चेहरा चिकटवला होता, तोच हा. लहानपणी तो अडखळत बोले, म्हणून पोरं त्याची नक्कल करत आणि मोठी माणसं त्याचं वाक्य त्याच्या तोंडातून ओढून घेऊन स्वतःच संपवत. नैरोबीच्या एका नवख्या दिग्दर्शिकेने त्यालाच निवडलं होतं, त्या अडखळण्यासकट, आणि एका कोळ्याच्या पोराच्या मोठं होण्याची गोष्ट पडद्यावर आणली होती.

"लोक ह-हसतायत का?" त्याने विचारलं.

अपोंडी जवळच्या किसुमू शहरात रेडिओवर फुटबॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायची. गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने खिडकीची झडप उचलून आत डोकं घातलं.

"श्रोतेहो, सभागृह खचाखच! पुढच्या बाकावर आवुओर मावशी, मासळीची टोपली मांडीवर घेऊन. आणि हा पाहा नायक, उडी मारून होडीत... अगं बाई, काय ती ऐट!"

"ऐट कसली? पा-पाय घसरला होता."

"घसरतानासुद्धा देखणा दिसतोस."

तो पावसाकडे बघत हसला. "हे रे-रेडिओवर सांगणार?"

"छे! हे वर्णन खास एकाच श्रोत्यासाठी आहे."

मग ती एकदम थांबली. पडद्यावर बापाचं दफन होतं, आणि पोरगा सगळ्या भाऊबंदांसमोर बोलायला उभा राहिला होता.

"मी नि-निघतो," ओकेयो म्हणाला आणि वळलाच.

अपोंडीने त्याची बाही घट्ट पकडली. "जाशील कुठे? ऐक तरी!"

"ब... ब..." पडद्यावरच्या पोराला 'बाबा' म्हणायचं होतं, शब्द निघत नव्हता. आत पत्र्यावरच्या पावसाशिवाय कशाचाच आवाज नव्हता. मग एक म्हातारा पडद्याकडे बघून ओरडला, "सावकाश, पोरा! घाई कुणाला आहे?" मागून कुणी बाई म्हणाली, "बोल बाळा, आम्ही बसलोय." आणि शब्द निघाला तेव्हा बायकांनी असा काही जयघोष केला की खिडकीची झडप थरथरली.

ओकेयो भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता.

"हे... मा-माझ्यासाठी?"

"नाहीतर काय, त्या होडीसाठी?" अपोंडीचा स्वतःचाच आवाज ओला झाला होता.

पिक्चर संपला. लोक बाहेर पडले आणि त्यांनी त्याला गाठलंच. म्हातारा नावाडी त्याचे दोन्ही हात धरून म्हणाला, "माझ्या बापाच्या मातीला मलाही बोलता आलं नव्हतं रे. आणि माझी तर जीभ धड होती!" शाळेतला एक जुना सोबती मान खाली घालून पुढे आला. "नक्कल मी केली इतकी वर्षं, पण नट तू निघालास." आवुओर मावशीने मासळीच्याच हातांनी त्याची हनुवटी धरली. "मेल्या, पदर भिजवलास माझा! अख्ख्या किनाऱ्याची मान वर केलीस."

अपोंडीला वाटलं, हे सगळं कौतुक आपल्याच घरी येतंय. तिचा ऊर अभिमानाने भरून आला. तेवढ्यात मावशीची नजर खाली गेली. ओकेयोची बाही अजून अपोंडीच्या मुठीतच होती.

"आणि तू कोण गं याची?"

सगळा किनारा तिच्याकडे पाहू लागला. चेंडूच्याही पुढे धावणारी तिची जीभ पहिल्यांदाच टाळूला चिकटली.

"मी... अजून कुणी नाही, मावशी," तिने मान ताठ केली. बाही मात्र सोडली नाही. "पण उद्या विचाराल, तर याचीच."

ओकेयोने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. गर्दीतला एकही माणूस मध्ये बोलला नाही.

"उद्या क-कशाला?" तो म्हणाला. "आ... आजच सांग ना."