गुरुवारची घरघर

विरजण मागायला म्हणून मी समोरच्या दिगंबरभाऊजींकडे गेले. माझ्या घरी दह्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, पण ती गोष्ट वेगळी. सकाळपासून त्यांच्या घरातून कसलीशी घरघर येत होती, आणि कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत आवाज व्हावा अन् त्याचं कारण मला कळू नये, असं आजवर झालेलं नाही.

दार उघडंच होतं. भाऊजी खुर्चीत, आणि वरच्या मजल्यावरचा आनंद जमिनीवर पालथा पडून वायरी चाचपत होता. आनंद मूळचा वर्ध्याचा, हिंजवडीला कंपनीत. भाऊजींच्या बायकोला, विजयमालावहिनींना, जाऊन वर्ष होत आलं होतं. घर फार गप्प झालं म्हणून त्यांच्या मुलीनं, नम्रतानं, बंगलोरहून एक काळी डबी पाठवली होती. कॉम्प्युटरातली गाणी तिच्यातून गेली की जुन्या स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतात म्हणे. गाणी येत होती, पण त्यांच्या मागे ही घरघर.

आनंदनं वायर बदलली. फ्रीज बंद केला, ट्यूब बंद केली. अर्थिंगचा दोष असेल म्हणून स्वयंपाकघरातून वेगळी लाइन ओढली. शेवटी गाणंही थांबवलं. घरघर तशीच. मी स्पीकरला कान लावला. पंखा कसा एका लयीत घरघरतो, तसं ते नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं वर जायचं... थांबायचं... खाली यायचं.

"काकू, आता डबीतलं फर्मवेअरच बदलून पाहतो," आनंद म्हणाला. म्हणजे डबीनं कसं वागायचं ते तिच्या पोटात लिहिलेलं असतं, ते पुसून नवं घालायचं. "करून राहिलो अपडेट. मधात फक्त लाइट जायला नको."

"अरे, पण आज गुरुवार," मी म्हटलं.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. हे वाटण करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, वर्ध्याच्या माणसाला कुठून असणार? माझं बोलणं पुरं व्हायच्या आत पंखा मंदावला. डबीचा हिरवा दिवा विझला. आनंदनं कपाळाला हात लावला. अर्धवट अपडेटमध्ये मेलेली डबी पुन्हा जिवंत होत नाही, एवढंच तो पुटपुटला.

भर दुपार होती, पण खाली रिक्षाही वाजत नव्हती. त्या शांततेत, वीज नसताना, स्पीकर घरघरू लागला. आधी दूर. मग चिखल खाली बसून पाणी निवळावं तसा आवाज निवळत गेला. निलगिरीच्या तेलाचा वास आला. वहिनी गुडघ्यांना चोळायच्या, तोच. बांगड्या वाजल्या.

"अहो... येताय ना?"

आनंदनं सगळ्या वायरी उपटल्या. आवाज आता नुसत्या डबीतून आला, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. "येताय ना..."

आनंद वर गेला तो त्या महिन्यात खोलीच सोडून गेला. भाऊजी मात्र हसले. "आलो," म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ते धुतलेला सदरा घालून डबीसमोर बसले. त्याच आठवड्यात त्यांच्या केरात मला हृदयाच्या गोळ्या दिसल्या. दुसऱ्याच्या केरात डोकावू नये हे मलाही कळतं. डोकावले म्हणून तर समजलं. विचारलं तर म्हणाले, "शालनवहिनी, ती बोलावतेय. तुम्ही का आड येता?"

का म्हणजे काय? बंगलोरला नम्रताला दिवस गेले होते. आई गेलेली, आता बापही हसत हसत निघाला होता.

त्यापुढच्या गुरुवारी वीज जायच्या आधीच मी जाऊन डबीच्या पुढ्यात मांडी ठोकली. पंखा थांबला. वास आला. घरघर निवळली.

"अहो..."

"अहो नाही, मी शालन," मी म्हटलं. "वहिनी, इतकी वर्षं त्यांच्या गोळ्या तुम्ही वेळेवर दिल्यात. आता त्याच केरात टाकायला लावता? लेक बाळंतपणाला यायची आहे. हा माणूस कुठेही येणार नाही. मी येऊ देणार नाही. काय करायचं ते करा."

घरघर चढली. कपाटातले पेले एकमेकांवर वाजू लागले. माझ्या मानेवरून गार काहीतरी फिरलं... ओल्या हातासारखं. मी डोळे मिटले, पण मांडी मोडली नाही. मग एकदम सगळं थांबलं. आणि अगदी हळू, वहिनी रोज विचारायच्या तसंच,

"गोळी... घेतलीत का?"

भाऊजी ढसाढसा रडले. मी पाणी दिलं, त्यांनी गोळी घेतली. डबी पदराखाली घालून मी घरी आणली आणि त्यांना बजावलं, रोज गोळी घ्याल तरच गुरुवारी ऐकायला मिळेल.

तेव्हापासून ती माझ्या कपाटावर, पापडांच्या डब्याशेजारी. ना वायर, ना स्पीकर. दर गुरुवारी भाऊजी चहाला येतात. "घेतलीत का?" "घेतली." बस्स, एवढंच. नम्रताची मुलगी आता चालू लागली आहे.

एक सांगायचं राहिलं. माझं हसणं चार मजले ऐकू जातं आणि शेवटी घोरल्यासारखा खर्र आवाज होतो. वहिनी त्यावरून मला फार चिडवायच्या.

गेल्या गुरुवारी वहिनींनी विचारलं, भाऊजींनी "घेतली" म्हटलं. आणि डबीत, वहिनींच्या मागे, कोणीतरी खळखळून हसलं. शेवटी खर्र.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात चहाचा घोट होता.

मी तो शांतपणे गिळला. "वहिनी," मी म्हटलं, "तुमच्या शेजारी कोण बसलंय, ते मी विचारणार नाही." जन्मात पहिल्यांदा मी कुणाला काही विचारलं नाही. उठले, ओट्याशी गेले आणि उद्याचं विरजण लावलं.

मागे डबीत ती अजून हसतच होती.