गळ्यावर थांबणारी काच

भुतं अंधाराची वाट बघत बसतात, असा पुष्कळांचा समज आहे. असेल बापडा. पण ही गोष्ट भर दुपारी घडली, एका मोठ्या खिडकीच्या खोलीत. आणि ज्याच्यावर ती ओढवली तो माणूस आजही तिचा विषय निघाला की आधी हात जोडतो आणि मग हळूच मागे वळून बघतो. दिवा जरा मोठा करा हवं तर. मी सावकाशच सांगणार आहे.

तर, जुने कॅमेरे घ्यायचे, पुसायचे, तपासायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. नवा डबाबंद मालही असायचा, पण जीव सगळा जुन्यात. बाजारात त्याला काचशेठ म्हणत, कारण कॅमेरा कुठलाही आणा, गडी आधी पुढच्या काचेत डोकावणार. लेन्स हातात आली की टॉर्च मारून आत बुरशी बघायची, ओरखडे बघायचे, नाकाशी धरून वास घ्यायचा. बुरशी लागलेली काच तो इतरांशेजारी ठेवायचा नाही. लागण होते म्हणायचा. ‘पहिल्या भेटीत यांनी मला बघितलंच नाही, माझा चष्मा बघितला,’ असं त्याची बायको सांगायची आणि त्यावर काचशेठ गप्प बसायचा, म्हणजे खरंच असणार.

लेन्स तपासायची त्याची एक खास तऱ्हा होती. इतर दुकानदार भिंतीला वर्तमानपत्र चिकटवतात आणि त्याचा फोटो काढतात. अक्षरं कडेपर्यंत सुबक आली की माल चांगला. काचशेठ बायकोचा फोटो काढायचा. दुकानाच्या मागच्या जिन्याने वर गेलं की त्यांचं घर, तिथे एक खोली होती, तिला एकच मोठी खिडकी. खिडकीपाशी स्टूल. नवी लेन्स आली की तो खालून हाक मारायचा, ती हातातलं काम टाकून, चष्मा काढून स्टुलावर बसायची. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक डोळे मिटून. मिटल्या पापणीचा केस न् केस वेगळा दिसला की काच पास. इतकी वर्षं तोच चेहरा बघितल्यावर कुठल्या लेन्सची कुठली खोड आहे ते त्याला क्षणात कळायचं. “माझ्या सुरकुत्यांवर तुमचा संसार चाललाय,” ती म्हणायची. बसायची मात्र हौसेने.

एका ढगाळ दिवशी एक वयस्क गृहस्थ दुकानात आले. कापडात गुंडाळलेली एक लेन्स त्यांनी काउंटरवर ठेवली.

“बायकोची आहे,” ते म्हणाले. मग दुरुस्त केलं, “होती.”

काचशेठने विचारपूस केली. ती पोर्ट्रेट काढायची. आजारी पडली आणि गेली. यांना स्वतःला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काचशेठने टॉर्च मारली. आत बुरशी नाही, ओरखडा नाही, काच झऱ्याच्या पाण्यासारखी. वास तेवढा वेगळा होता, बंद खोलीतल्या ओल्या भिंतीसारखा. त्याने भाव सांगितला, गृहस्थांनी मान हलवली. घासाघीस नाही, काही नाही. दारापर्यंत जाऊन ते थबकले.

“डोंगरबिंगर काढणारा कुणी असेल तर त्याला द्या,” ते म्हणाले. “माणसांपेक्षा... बरं पडेल.”

आता, जुना माल विकायला येणारी माणसं काहीबाही बोलतात. तिकडे लक्ष दिलं तर धंदा करायचा कधी? एका लग्नाच्या फोटोग्राफरला अशीच लेन्स हवी होती. काचशेठने त्याला फोन करून टाकला, “उद्या ये, घेऊन जा,” आणि वर हाक मारली.

नव्या कॅमेऱ्यांना माणसाचा चेहरा ओळखता येतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मागच्या पडद्यावर चेहऱ्याभोवती छोटी हिरवी चौकट उमटते, डोळ्यांवर बसते, आणि फोटो तिथे सगळ्यात स्पष्ट येतो. काचशेठने लेन्स लावली, कॅमेरा तिवईवर चढवला. चौकट उमटली. डोळ्यांवर आली. मग खाली घसरली. हनुवटीवरून उतरून गळ्यावर, खळगीच्या जरा डावीकडे जाऊन थांबली.

“हलू नकोस गं.”

“मी कुठे हलतेय?”

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा गळा. दुसरी लेन्स लावली, चौकट मुकाट डोळ्यांवर बसली. पुन्हा ही लावली, पुन्हा गळा. फोटो मोठा करून बघितला तर चेहरा धुरकट आणि गळ्यावरची तेवढीच जागा अशी लख्ख, की कातडीवरची बारीक लव मोजून घ्यावी. इतकी धारदार काच त्याने जन्मात पाहिली नव्हती.

आता इथे तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो, काय आहे बुवा त्या जागी? पण काचशेठ काचेचा माणूस. त्याला दोष दिसला तो काचेत. त्याने कॅमेऱ्यातल्या दुरुस्त्या करून बघितल्या, फोकस पुढे ओढला, मागे ढकलला, लेन्सचे स्क्रू कसले. चौकट हटेना. बायको कंटाळून उठून गेली, तरी हा आपला गळ्याच्या फोटोंकडे बघत लेन्सला शिव्या घालत बसला होता.

संध्याकाळी दुकान आवरताना त्याने लेन्स काचेच्या हवाबंद कपाटात ठेवली. दिवे मालवायला हात उचलला, तेवढ्यात कपाटातून आवाज आला. घुर्र... थांबला. पुन्हा घुर्र... हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. फोकस शोधताना लेन्सची आतली मोटर असाच आवाज करते. पण लेन्सला स्वतःची बॅटरी नसते हो. कॅमेऱ्याला जोडल्याशिवाय ती मेलेल्या कासवासारखी गप्प असते. काचशेठ कपाटाशी गेला. काचेआड ती लेन्स उभी होती आणि तिच्या आतली भिंगं अगदी हळू पुढे येत होती, मागे जात होती. घुर्र... घुर्र... कपाट बंद असूनही ओल्या भिंतीचा तो वास दुकानभर झाला होता. त्याने दिवे तसेच जळत ठेवले आणि जिना चढून वर गेला. बायकोला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. ग्राहकाला बिघडलेला माल देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बायको खोलीत आली, चष्मा काढून स्टुलावर बसली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, खोलीत करडा उजेड होता. रस्त्यावरचा आवाज नेहमी वरपर्यंत यायचा, तो आज कुठे गेला होता कोण जाणे.

“डोळे मीट,” तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. पडद्यावर चौकट उमटली आणि सरळ गळ्यावर गेली.

मग दुसरी चौकट उमटली.

ती बायकोवर नव्हती. तिच्या शेजारी, जिथे नुसती खिडकीकडची मोकळी हवा होती, तिथे होती. कुणी उभं असतं तर त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर. काचशेठने पडद्यावरून नजर काढून खोलीत बघितलं. स्टूल, बायको, खिडकी. पुन्हा पडद्यावर बघितलं. चौकट होती, आणि हलत होती. हळूहळू खाली वाकत, बायकोच्या खांद्याजवळ, कानाजवळ... गळ्याजवळ.

त्याला हाक मारायची होती. हाताखालचं बटण तेवढं दाबलं गेलं.

“अहो,” बायको डोळे मिटूनच म्हणाली, “हात किती गार आहे तुमचा...”

काचशेठ तिवईपाशी उभा होता. दोघांमध्ये सगळी खोली होती.

“काढा ना बोट... रुततंय.”

“डोळे उघड,” तो कसाबसा म्हणाला. “उघड आधी.”

तिने डोळे उघडले. तो एवढ्या लांब दिसल्यावर ती स्टुलावरून उठलीच. पडद्यावर नुकता काढलेला फोटो होता. मोकळ्या जागेत काही नव्हतं. पण गळ्यावर, खळगीच्या डावीकडे, कातडी आत दबली होती. मऊ कणकेवर बोट टेकवल्यावर पडतो तसा खळगा, आणि बोट मात्र नाही.

खालून लग्नवाल्याची हाक आली. “शेठ, लेन्स तयार आहे ना?”

“देऊन टाका,” बायको कुजबुजली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “आत्ताच्या आत्ता देऊन टाका. मला नको हे घरात.”

आणि खरं सांगतो, काचशेठचा हात लेन्सकडे गेलाही होता. जिना उतरायचा, पिशवीत घालायची, बला टळली. पण त्याची नजर फोटोवर अडकली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्या फोटोत काच बघत नव्हता, बायकोला बघत होता. तो तिच्याजवळ गेला. हात पुढे केला आणि नेमकं त्याच जागी आपलं बोट ठेवलं. जरा दाबलं.

कातडीखाली काहीतरी कडक होतं. वाटाण्याएवढं. दाबलं की सरकत होतं.

लग्नवाल्याला त्याने रिकाम्या हाती परत पाठवलं. शब्द मोडला म्हणून तो रागावून गेला. त्याच संध्याकाळी दोघं डॉक्टरकडे गेली.

पुढचे दिवस कसे गेले ते काचशेठ सांगत नाही आणि मी विचारत नाही. गाठ वाईट निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी शेवटी कागद बाजूला ठेवून विचारलं, “ही इतक्या लवकर तुमच्या लक्षात आली कशी? एवढीशी असताना कुणी येत नाही. आणखी थोडे महिने गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.”

“फोटोत दिसली,” काचशेठ म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

बायको वाचली. एका वाक्यात संपतं खरं, पण त्या माणसाला हे वाक्य रोज सकाळी नव्याने कळायचं. तिने वरून चहासाठी हाक मारली की त्याचे डोळे भरायचे. त्याने त्या गृहस्थांना फोन करून त्यांच्या बायकोचा आजार विचारला होता. पलीकडून उत्तर आलं, “गळ्यातली गाठ. उशिरा कळली,” आणि फोन बंद झाला. झालं, या दोघांना उलगडा झाला. बिचारी स्वतः वाचली नाही, पण दुसरीला वाचवून गेली. लेन्स विकायचा प्रश्नच उरला नाही. ती वरच्या खोलीत खिडकीशी ठेवली गेली. बायकोची भीती कुठल्या कुठे पळाली. लेन्समधल्या त्या बाईला ती ताई म्हणू लागली. रोज दुपारी तिथे जाऊन दोन मिनिटं बसायची, “ताई, तुमच्यामुळे आजचा दिवस दिसला हो,” म्हणायची. काचशेठही जाता-येता हात जोडायचा. घर इतकं आनंदात होतं की ओल्या भिंतीचा वास येतो याचंही कुणाला काही वाटेनासं झालं.

पुढे एकदा ते गृहस्थ दुकानावरून जाताना दिसले. काचशेठ धावत बाहेर गेला, हाताला धरून त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता त्यांचे पायच धरले.

“तुमच्या मिसेसचे उपकार मी सात जन्मांत फेडू शकणार नाही. माझा संसार त्यांनी राखला. त्यांनीच बोट ठेवून दाखवलं.”

गृहस्थांनी आपले पाय हळूच मागे घेतले.

“माझ्या बायकोने?” ते म्हणाले. “नाही हो... तिचं बोट नव्हतं ते.”

“म्हणजे?”

“तिलाही तसंच व्हायचं. स्वतःचा फोटो काढायला बसली की गळ्यावर गार बोट लागतं म्हणायची. आम्ही दोघांनी हसण्यावारी नेलं. तिने ती लेन्स जुनीच घेतली होती, एका बाईच्या घरून. ती बाई तोवर गेलेली होती... कशाने, ते तिने विचारलं नाही.”

काचशेठने वर, खिडकीच्या खोलीकडे बघितलं.

“मग... कोण आहे ते?”

“मला माहीत नाही. शेवटी शेवटी ती त्याच्याशी बोलायची. आभार मानायची, तुमच्यासारखीच.” गृहस्थ उठले. “तुमच्या मिसेस वाचल्या, म्हणजे ते भल्यासाठीच असणार. मी स्वतःला रोज हेच सांगतो. पण शेठ... गाठ आधी होती आणि बोट नंतर आलं, की...”

वाक्य अर्धवट टाकून ते निघून गेले.

काचशेठ काउंटरला धरून उभा राहिला. मग त्याने सवयीने हात जोडले. ज्याने बायको परत दिली त्याचं नाव-गाव ठाऊक नाही, म्हणून काय उपकार विसरायचे? तो मनापासून नमस्कार करत होता आणि मान वळवून मागे बघत होता.

वर खिडकीच्या खोलीत बायकोचा आवाज ऐकू येत होता. रोजच्यासारखी ती ताईंशी बोलत होती. मग ती थांबली. बराच वेळ थांबली, समोरचं माणूस काही सांगत असताना आपण थांबतो तशी.

“अगं बाई...” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. “खरंच? ... त्यांनाही? ... बरं. सांगते हं मी त्यांना.”

आणि जिन्यावर तिची पावलं वाजू लागली.